आडवा उजेड

फ्लॅशची ट्यूब गेली.
कोल्हापूरचा मेकॅनिक फोनवरच म्हणाला, साडेचार हजार.
गल्ल्यात सहाशे वीस, आणि
एक फाटकी पन्नासची, जी कुणीच घेत नव्हतं.

मग तासगावातनंच उजेड गोळा केला.
कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायचा शंभरचा बल्ब,
सरकारी दवाखान्याच्या भंगारातला सलाईनचा स्टँड,
द्राक्षपेटीतला पातळ कागद, दोन पदरी
(बल्बापासून वीतभर लांब, नाहीतर तपकिरी पडतो
आणि खोलीभर करपट वास),
दुसऱ्या गालासाठी फ्रीजच्या खोक्यातला थर्माकोल,
कोपरा उंदरानं कुरतडलेला.
एकूण खर्च एकशे दहा. होल्डर नवा घ्यावा लागला.

लगमाक्का ऐवळे आली ती शेडवरनं थेट.
पदराला गंधकाचा वास, नखांत चिकट पिवळं.
"आधारवर मी चोरागत दिसते," म्हणाली.
"एक फोटो असा काढ, मला मी वळखू आली पायजे."
कशाला हवाय?
"कशाला म्हंजे? मला."

मी मला येतं ते केलं.
बल्ब समोर, जरा उंच, थर्माकोल हनुवटीखाली.
चेहरा सपाट, गोरा; कपाळावरची खोक गायब.
यावर गिऱ्हाईक खूश होतं, आणखी चार प्रती सांगतं.

तिनं स्क्रीनकडं बघितलं. बराच वेळ.
मग उठली आणि
सलाईनचा स्टँड फरपटत खिडकीकडं नेला.

"अठरा वर्सं बेदाणा निवडते मी.
ट्यूब डोक्यावर आसली की सगळा माल गोरा.
यापाऱ्याला दावताना तसाच दावत्यात.
आपल्याला बघायचा आसंल तर उजेड आडवा घ्यायचा,
ताटाच्या कडंनं.
मग कातडं बोलतं. कुठला भरलाय, कुठला पोकळ."

आणि थर्माकोलला, जणू आगाऊ पोराला:
"तू सर मागं. ऱ्हाऊ दे निम्मा गाल अंधारात."

उजेड कमी, शटर सावकाश. हलू नका, म्हणणार होतो.
गरज नव्हती.
दहा दहा तास बसणाऱ्या बाईचे फक्त हात हलतात,
आणि ते तिनं मांडीत धरले होते
घट्ट, कुणाचे तरी असल्यासारखे.

खोक उमटली. डोळ्यांखालच्या घड्या उमटल्या,
नाकाच्या कडेला उजेडाची एक बारीक रेघ,
जी मी लावली नव्हती.
"हां," ती म्हणाली. एवढंच.

पन्नास झाले. तिनं शंभरची दिली.
सुट्टे नव्हते. ती फाटकीच काढली, ओशाळत.
तिनं नोट बल्बापुढं आडवी धरली,
चिकटपट्टीवरनं अंगठा फिरवला,
उलटी करून परत बघितली,
आणि कमरेच्या पिशवीत टाकली.