डेड स्टॉक

फैजपूरच्या कॉलेजात भंगाळे मॅडम
एकतीस वर्षं दगड घासत राहिल्या.
काच, कार्बोरंडमची पूड, पाण्याचा थेंब,
आणि नखासकट झिजणारं एक बोट.

कागदाइतका पातळ झाला
की दगडातून उजेड जायचा.
एकदा त्यात बी दिसलं, केळीचं,
लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये राहून गेलेलं.

"आपल्या केयीले बिया राहतात का, अक्का?"
भाऊ हसला.
अंगणात रावेरच्या गाडीत घड चढत होते,
सगळे बिनबियांचे.
"तेव्हा होत्या," त्या म्हणाल्या,
आणि चहा गार झाला.

निवृत्तीच्या दिवशी कारकुनानं लिहिलं:
दगड. नग चारशे बारा. निरुपयोगी.

मॅडमनी चष्मा लावला,
बाराचे अकरा केले,
मग सही.