शेरा: देखावा

नोव्हेंबरात बिल आलं.
घर तेच. जिना तोच, तिसरी पायरी अजून कुरकुरते,
न्हाणीघराची फरशी आर्मांडने वाकडी बसवली, ती वाकडीच,
आणि किंमत साठ हजारांनी वर.

टाउन ऑफिसात काउंटरमागे एव्हरेट क्विम्बी.
याला मी सहा वर्षं शाळेच्या बसमधून नेलंय,
मागच्या सीटवर काचेला नाक लावून बसायचा.
आता लोकांच्या खिडक्यांची किंमत ठरवतो.

त्याने कार्ड काढलं.
कार्डावर माझं घर म्हणजे एक चौकोन,
त्याला चिकटलेला छोटा चौकोन, तो पोर्च.
छप्पर: पत्र्याचं. भट्टी: जुनी. अवस्था: साधारण.
इथवर माझी तक्रार नव्हती.
तळाशी पेन्सिलीने:
देखावा – उत्तम. साठ हजार.

डोंगर काही मी बांधला नाही, मी म्हटलं.
नाही, पण तुमच्या स्वयंपाकघरातून दिसतो.

गेल्या हिवाळ्यापर्यंत दिसत नव्हता.
मधे पाइनची रांग होती.
आर्मांड चाळीस वर्षं म्हणायचा, पाडू या,
चाळीस वर्षं मी नको म्हणायचे;
वाऱ्याला आडोसा, आणि शिवाय
त्याच्या हातात करवत आली की माझा जीव टांगणीला.
मार्चमध्ये तो गेला.
डिसेंबरात पाऊस पडता पडता गोठला, झाडांवर काच चढली,
रात्रभर एकेक खोड बंदुकीसारखं मोडत राहिलं.
सकाळी कॉफीचं भांडं घेऊन वळले
तर सिंकच्या वर डोंगर.
अख्खा. न विचारता आत आलेला.
मी मोठ्याने म्हटलं, आर्मांड, ये, बघ.

हे एव्हरेटला सांगितलं नाही.
सांगितलं मोतीबिंदूचं:
उजव्या डोळ्याला डोंगर म्हणजे दुधात पडलेला डाग,
तेव्हा साठातले तीस तरी कमी कर.
तो हसला नाही. चांगला मुलगा आहे.
म्हणाला, मिसेस टिबोडो,
कर खिडकीवर आहे, डोळ्यांवर नाही.

मग कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला.
न्यू हॅम्पशायरात पगारावर कर नाही,
म्हणून सगळं ओझं छपरांवर.
हजारामागे एकवीस डॉलर.
साठ गुणिले एकवीस, वर्षाचे बाराशे साठ,
महिन्याचे एकशे पाच,
ढगाळ दिवस धरून.
डोंगर दुरून साजरे, हे कुणीही सांगेल;
दुरून बघायचे किती पडतात
ते मला त्या काउंटरवर कळलं.

एकविसातले तेरा शाळेला, त्याने बोट ठेवलं.
चार रस्त्यांना, दोन काउंटीला,
उरलेल्या दोनात आगीचा बंब, वाचनालय,
आणि कब्रस्तानातलं गवत, म्हणजे आता आर्मांडचंही.

शाळेला तेरा.
माझा पगार त्यातूनच यायचा, एकतीस वर्षं.
पहाटे पाचला इंजिन गरम करायला जळलेलं डिझेल,
याच्या नाकाचा ठसा मी ज्याने पुसायचे तो स्पंज,
कुणाच्या तरी पोर्चचे, कुणाच्या गोठ्याचे पैसे.
तेव्हा कोण म्हातारी बिल हातात घेऊन
इथे उभी राहून गेली असेल?
कधी विचारलंच नाही.

तरीही अर्ज केला. हक्काचं ते हक्काचं.
'कारण' या रकान्यात दोनच ओळींची जागा.
लिहिलं: झाडं पडली.
मी पाडली नाहीत.

उत्तर अजून नाही.
चेक दिलाय. कोपऱ्यात, कशासाठी ते लिहायचं असतं तिथे: डोंगर.

रात्री चारला बर्फाचा नांगर रस्ता खरवडत जातो,
पिवळा उजेड भिंतीवरून फिरतो,
मी पांघरुणात हिशोब करते, हे साधारण नऊ डॉलर.

नर्सरीत फरची रोपं आहेत, गुडघ्याएवढी.
वीस वर्षांत आडोसा होईल, विकणारा म्हणतो,
एकाहत्तरीच्या बाईला.
किंमत तेवढी विचारून आले.

सकाळी सिंकपाशी उभी राहते,
उजवा डोळा मिटून,
पैसे वसूल होईपर्यंत बघते.
कधी कधी त्याहून जास्त.
ते एव्हरेटला कळायचं नाही.