सहावी जागा

माझ्या बापाच्या अंगात चार ग्रॅम लोखंड आहे.
म्हणजे एक खिळा,
कॅलेंडर अडकवायला ठोकतात तेवढा.
आणि उद्यमबागेत एकतीस वर्षं
दर पाळीला त्यानं चार-चार टन ओतलं.
हिशेब मांडायला घेतला होता एकदा. सोडून दिला.

अंगातला खिळा विखुरलेला असतो.
एकेक अणू एकेका चकतीच्या मधोमध,
चार बाजूंना चार नायट्रोजन,
पाचवा खालून, कुणी तळहात लावावा तसा,
आणि वरची सहावी जागा रिकामी.
ती रिकामी राहावी म्हणून एवढा खटाटोप.
प्राणवायू येतो, टेकतो,
बोटांच्या टोकांपर्यंत जातो, उठतो.
बसणं कुणालाही जमतं.

मी आठवीत होते. डिसेंबर.
तिसऱ्या गेटावर सकाळी नऊपर्यंत धुकं,
थंडी वाजते म्हणून शेडची दारं ओढून घेतलेली,
आत भट्टीपाशी दस्तगीर किल्लेदार आणि माझा बाप.
वास नाही. धूर नाही.
बाप पाणी प्यायला बाहेर आला
आणि नळाशीच कोसळला.
दस्तगीरचाचा आत भिंतीला टेकून बसलेले राहिले,
गाल गुलाबी, लग्नातल्या नवऱ्यासारखे.
बघायला आलेली कुणी बाई म्हणाली,
‘बरा दिसूलाय की.’

कार्बन मोनॉक्साइड हे नाव मला तीन वर्षांनी भेटलं,
अकरावीच्या पुस्तकात, एका ओळीत:
रक्तातल्या लोखंडाला
प्राणवायूपेक्षा दोनशे पट घट्ट धरतो.
सहाव्या जागेवर बसतो. उठत नाही.
वर्गात सगळ्यांनी त्या ओळीखाली रेघ मारली.
मी नाही मारली.

आता मी हायवेच्या कडेला एका प्रयोगशाळेत असते.
काचेची पेटी, आत नायट्रोजन,
पेटीला जडलेले काळे रबरी हात, त्यांत माझे हात.
मी तीच चकती बनवते, प्रथिनाशिवाय, उघडी.
उघड्या चकतीला लोखंड सांभाळत नाही.
प्राणवायूचा एक कण आला
की दोन चकत्या समोरासमोरून त्याला धरतात,
दोघी सोडत नाहीत,
आणि द्रावण विटकरी होतं,
पिरनवाडीच्या मातीसारखं.
गोकाकची शिवलीला म्हणते, कब्बिण हट्टी.
मी म्हणते, लोखंड तर फारच.

म्हणून चकतीवर कुंपण उभारायचं,
चार खांबांचं,
ज्यातून प्राणवायू आत शिरेल
आणि दुसरी चकती शिरणार नाही.
सात महिने झाले, अकरा बॅचेस.
अकराही विटकरी.

मंगळवारी बाप डबा घेऊन आला.
काचेला नाक लावून उभा राहिला बराच वेळ,
भट्टीच्या झरोक्यातून वितळ बघायचा तसा.
‘रंगावरनं कळतंय काय तुला?’
कळतं म्हटलं.
‘मग आमचंच काम करूलीस.’
आणि मग सल्ला: ‘घाई करू नको.
झटक्यात गार केलेलं लोखंड पांढरं पडतंय,
हातोडा लागला की काचेगत फुटतंय.
निजू दे रेतीत.’

त्याचं लोखंड वेगळं, माझं वेगळं.
मला उलट आधीच गारठा हवा होता,
शून्याखाली अठ्ठ्याहत्तर.
पण घाईचं त्याचं खरं होतं.
बारावी बॅच मी सावकाश निववली,
तो स्टुलावर बसून शेंगा सोलत असताना
प्राणवायू थेंबाथेंबानं सोडला.
जांभळट होतं ते लाल झालं.
लालच राहिलं.
शिवलीला घड्याळाकडे बघत होती, मी बघितलं नाही.
एकोणीस मिनिटं.
मग नायट्रोजन सोडला
आणि प्राणवायू उठला. पुन्हा जांभळट.

‘गेला काय?’ बापानं विचारलं.
गेला म्हटलं. परत येईल.
तो काही बोलला नाही,
सालं गोळा करून डब्यात भरली,
निघाला.

जाताना दार वीतभर उघडं ठेवलं.
कुठेही गेला की ठेवतो,
कार्यालयात, दवाखान्यात, पाहुण्यांकडे.
एसीची हवा बाहेर जायला लागली.
शिवलीला उठली.
मी म्हटलं, असू दे.