पाव सूट

भाडेकरू असतो तोवर घरपट्टी त्याची.
तो गेला की ती मागे फिरते,
सोडून दिलेल्या मांजरासारखी
जुन्या मालकाचं दार बरोबर शोधून काढते.

माझ्या दारात आली सात मार्चला.
‘मिसेस ग्लेनिस ऑल्ड्रिज, मालक,
४१, हॅडक स्ट्रीट, ग्रिम्स्बी.’
मालक!
हेडली असता तर खोकला लागेपर्यंत हसला असता.
गोदीवर एकतीस वर्षं मासे कापून
हाती आलेल्या पैशात घेतलं होतं त्यानं ते घर,
खाली दोन खोल्या, वर दोन, मागे हातभर अंगण.
“आपलं पेन्शन विटांचं,” म्हणायचा.
विटा ओल धरतात,
हे तेवढं सांगायचं राहिलं.

युर्गिता राहायची तिथे, सहा वर्षं,
मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी करून.
कौनासला परत गेली तेव्हा
ओव्हन असा घासून गेली
की मला माझ्या ओव्हनची लाज वाटली.
फडताळात बीटच्या लोणच्याची एक बरणी.
बाकी काही नाही.

काउन्सिलला फोन केला.
पलीकडे कॅलम नावाचा पोरगा,
आवाजावरून मिसरूड नुकतंच फुटलेलं.
म्हटलं, बाळा, तिथं कोणी राहत नाही,
दिवा लागत नाही, कचरा होत नाही,
वाचनालयाचं पुस्तक उशिरा परत करणारंसुद्धा कोणी नाही.
मग मी पैसे भरते ते कशाचे?
तो म्हणाला, रिकाम्या घरालाही आग लागते, मॅडम,
आणि बंब तर येणारच.

बरोबर होतं त्याचं.
म्हणूनच जास्त चिडले.

मग मी एक उद्योग सुरू केला.
दर बुधवारी घरचा कचरा पिशवीत बांधायचा,
बसमध्ये मांडीवर घेऊन बसायचं,
आणि एक्केचाळीसच्या हिरव्या डब्यात टाकायचा.
गुरुवारी गाडी येते.
पैसे भरलेत ना? मग उचला.
अंड्यांची टरफलं, चहाच्या पिशव्या, एका टोस्टचे कडे.
एका माणसाचा कचरा किती कमी असतो,
तळाशी पडला तरी डबा वाजत नाही.

शेजारचा टेरेन्स पडद्याआडून बघायचा.
एकदा कुंपणावरून म्हणाला,
“नवा भाडेकरू मिळाला वाटतं?”
म्हटलं, हो. थोडासा.

ओल काढणारा डगी मंगळवारी येणार होता.
किती मंगळवार, ते मोजायचं सोडलं.
वर्ष उलटलं आणि पत्र आलं:
घर बारा महिने रिकामं, सबब घरपट्टी दुप्पट.
त्याच टपालात माझ्या राहत्या घराचं बिल:
एकटी राहते, सबब पंचवीस टक्के सूट.

ही सूट हेडली गेल्याबद्दलची.
अंत्यविधीच्या पुढच्याच आठवड्यात
अर्जावर मी खूण केली होती,
पेन उमटेना म्हणून दोनदा गिरवून.

दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले.
उडू नयेत म्हणून वर मिठाची बाटली.
एक माणूस गेलं तर पाव सूट,
सगळेच गेले तर दुप्पट.
बेरीज पुन्हा करून पाहिली.
चूक नव्हती कुठे.

परत फोन लावला. परत कॅलमच.
“आता तिथे कोणी राहतं का, मॅडम?”
बुधवारी, म्हटलं, तीन ते साडेचार.
लोणचं खाते. रंगाच्या उपड्या डब्यावर बसते.
पलीकडे टकटक थांबली.
“ते धरता येत नाही,” म्हणाला,
आणि मग, जरा हळू, “सॉरी.”

पुढच्या बुधवारी पिशवी जड होती.
मागच्या दाराशी तीन वर्षं उभे असलेले
त्याचे गोदीतले गमबूट,
माशांचा वास अजून सोडत नव्हते.
बसमध्ये शेजारची बाई उठून पुढे गेली.

या खेपेला डबा वाजला.

गुरुवारी बघायला गेले नाही.
पैसे भरलेले आहेत.
नेतील ते.