ऑगस्टपर्यंत

सोडरटेल्येच्या माझ्या तळघरात
दातांचे संच सुकत पडलेले असतात,
अजून कुणाचेच न झालेले.
त्यांच्या शेजारी एका नोव्हेंबरात तोर्गनीने
पावाच्या पिशवीवर काढलेलं चित्र ठेवलं:
लांबट थेंब, वर निमुळता.
"मर्क्युरीला. पन्नास सालची. मागच्या दिव्यांच्या काचा."
मी म्हटलं, मी कवळ्या करतो.
त्याने स्वतःची वरची कवळी काढली,
माझ्याच हातची, अकरा वर्षं वापरलेली,
आणि माझ्या तळव्यावर ठेवली.
"यात बुडबुडा दाखव एक."

जुनी काच, म्हणजे प्लास्टिकच ते,
ऊन आणि रस्त्यावरचं मीठ खाऊन पांढुरकं झालेलं,
चार स्क्रूंवर बसलेली. तीन निघाले.
चौथ्याला दोन संध्याकाळी लागल्या
आणि एकच शिवी, आळीपाळीने:
त्याची दालार्नाची, माझी तुर आब्दीनची.

बाहेरून आरशासारखी गुळगुळीत हवी, म्हणाला,
पण आतल्या रेघा तशाच राहू देत,
उजेड फोडून रस्ताभर वाटतात त्या.
मी मेणात थेंब कोरला, प्लास्टरचा साचा घेतला,
भुकटीवर द्रव ओतला. तोच वास,
ज्यावरून बायको मला जिन्यातच ओळखते.

माझ्या रंगपट्टीवर पांढऱ्याच्या सोळा छटा आहेत.
लाल एकही नाही.
जवळात जवळ म्हणजे हिरडीचा गुलाबी.

तो लावून बघितला, तर गाडी
अख्ख्या गल्लीला मागून दात विचकून दाखवू लागली.
तोर्गनी इतका हसला
की कवळीला हात लावावा लागला.
नंतरची जोडी डाळिंबाचा रस आटवल्यासारखी;
दिवा आत पेटायचा आणि आतच बसून राहायचा.
मग मार्च आला. बर्फ काळं पडलं.
दाबाच्या भांड्यातून एकदाची
ती निघाली, जिला मी मध्यरात्री
खिडकीतल्या बल्बसमोर धरून उभा राहिलो.

तपासणी केंद्रातली मुलगी वाकली.
दाबा ब्रेक, म्हणाली, आणि काचेमागे तळवा धरला.
तळवा रंगला.
"लाल आहे," तिने लिहिलं. बस, एवढंच.

त्याच रात्री तो परत आला,
खिशात बोराएवढे दोन निळे काचमणी.
आमच्या गावात असा मणी खेचराच्या गळ्यात बांधत,
दृष्ट लागू नये म्हणून.
"लालाच्या मधोमध बसव. लांबून जांभळं दिसतं."
कायद्यात बसत नाही हे.
"म्हणून तर आणखी एक जोडी."
सहा वर्षांचा असताना पाहिलं होतं, म्हणाला,
लाकूडगिरणीच्या वळणावर, जाताना.
कोण जात होतं ते नाही सांगितलं.
मी कवळ्या करतो.
उघडलेल्या तोंडात किती पाहायचं, हे मला कळतं.

जूनमध्ये सगळे आपापल्या गाड्या काढतात,
पण तिथे जूनला रात्रच होत नाही.
दिवा लावला काय, न लावला काय.
थांबलो.

ऑगस्टच्या विसाव्या दिवशी, साडेनऊला,
अंधार कामापुरता झाला.
मी बाजूच्या सीटकडे वळलो, तर त्याने
किल्ली माझ्या हातात ठेवली.
चालवणाऱ्याला आपला मागचा दिवा दिसत नाही,
हे त्याने हिवाळाभर मनात ठेवलं असणार.
"ब्रेकवर पाय ठेव. पण थांबू नकोस."
आणि वळणावर जाऊन उभा राहिला,
हात खिशात, टोपी काढून.

मी गेलो. गिरणी, पूल, चढ.
आरशात आधी त्याचा सदरा, मग सदऱ्याएवढं फिकट काहीतरी.
कडेच्या गवतावर मागे मागे
एक रंग ओढला जात होता,
माझ्या पट्टीवर नसलेला.

डाव्या काचेत, त्या चौथ्या स्क्रूपाशी,
एक बुडबुडा राहिलाय.
त्याला तो दिसलेला नाही अजून.
किंवा दिसलाय.