वाळवी

जांबोटीच्या रस्त्याला आमची शाळा,
एका कुंपणात दोन : इकडं मराठी, तिकडं कन्नड,
मधे एकच नळ, तोही दिवसाआड.

रोप लावलं त्या दिवशी आम्ही पाटी ठोकली : करंज.
दुसऱ्या दिवशी शेजारी त्यांची : होंगे.
झाड तेव्हा पाट्यांहून बुटकं.

शांतव्वा जेवणाची भांडी राखेनंच घासायची.
"साबणाचं पाणी पाजतासा व्हय लेकराला?"
धुवण गाळून डब्यात भरायची.
पाळीच्या वहीत नावं दोन लिप्यांत,
शनिवारचा रकाना कोरा.
सोमवारी आळं मात्र ओलं.

मे महिन्यात, शाळेला कुलूप असताना,
विसरलेला हजेरीपट न्यायला मी आले
तर भरमा –
शेंडा मोडला म्हणून ज्याला मी
दोन तास उन्हात उभा केला होता –
आणि त्यांच्यातली गंगव्वा,
एका कळशीला दोघांचे हात.
बोलणं काही नाही.
शेवटी ती एवढंच म्हणाली, "साकू."
त्यानं कळशी सरळ केली.

मी फाटकातूनच मागं फिरले.

पाट्या दोन्ही वाळवीनं खाल्ल्या.
नव्या करायच्या ठरावावर
अजून कुणी सही केलेली नाही,
मीही नाही.