सत्र दुसरं, कोल्ड स्टोअरच्या वर

सलमाबादला कोल्ड स्टोअरच्या माथ्यावर खोली मिळाली,
भाडं नाही, एसीचं बिल तेवढं आपलं.
शुक्रवार, सकाळचे साडेनऊ.
सतरा नावं नोंदलेली, आले दहा.
आणि एक चुकून : बिलोलीचा गुंडावार,
त्याला योगवर्ग हवा होता.
बस म्हटलं, बसला.

आराखडा माझा होता :
उद्दिष्ट, फलनिष्पत्ती, मूल्यमापन,
दर घटकाला वीस मिनिटं.
सोळा वर्षं बहरीनमध्ये पगारपत्रकं करते मी,
वाटायचं, दुःखालाही रकाना असतो,
तळाशी बेरीज.

पहिल्या सत्रात मी शिकवलं, कॅम्पात कसं बोलावं.
मग मृदुला केळुसकर गेली, वही उघडली, विचारलं,
"तुमच्या मुख्य तीन समस्या कोणत्या?"
बारा माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.
एक म्हणाला, बसा ना मॅडम,
आणि कुठे, ते त्यालाही सुचेना.
खाटा दुमजली, खालच्या खाटेवर
रात्रपाळीचा माणूस गाढ.

प्रश्न तिचा नव्हता.
माझ्या चौथ्या स्लाइडवरचा होता.

म्हणून आज प्रोजेक्टर पिशवीतच.
आज शब्बीरभाई पारकर,
तेवीस वर्षं पाण्याचा टँकर चालवलेले.
मी त्यांना मार्गदर्शक म्हटलं तर म्हणाले,
"मना आधी चाय दे."

चहा झाला. बशी पालथी घालून म्हणाले,
आधी चपला बघा.
दाराबाहेर जोड किती, आत माणसं किती.
चपला जास्त भरल्या तर वर बघा, कोपऱ्यात बघा,
कुणीतरी पांघरुणाखाली असतो.
जो पुढे येऊन बोलतो
त्याचं काम बहुतेक कागदाचं असतं, होऊन जातं.
जो भिंतीकडे तोंड करून पडलाय, त्याचं…
वाक्य त्यांनी तिथेच ठेवलं.
कुणीतरी वहीत लिहून घेतलं : त्याचं, आणि तीन टिंबं.

मग खुर्ची फिरवून आमच्याकडे पाठ केली,
रिकामी मूठ कानाशी धरली.
मी यल्लय्याची आई. निजामाबादेकडची.
नऊ दिवस पोरगा फोन उचलत नाही.
तुम्हांला ठाऊक आहे तो इस्पितळात आहे, नळ्या लावून.
हां. बोला.

कुणी म्हणालं, नमस्कार, मी स्वयंसेवक बोलतोय.
कुणी म्हणालं, घाबरू नका
(आणि स्वतःच घाबरलं).
कुणी माझ्या पत्रकातला हेल्पलाइनचा नंबर वाचला,
शेवटचे दोन आकडे दोनदा.
एसीतून पाणी ठिबकत होतं बादलीत.

तेव्हा मागून गुंडावार, सीमेवरच्या गावचा,
अर्धं घर तेलुगू बोलणारं,
हळूच म्हणाला, "अम्मा, तिन्नावा?"
आई, जेवलीस का.

शब्बीरभाईंची मूठ कानावरून हलली नाही.
पाठ तेवढी हलली, थोडी.
किती वेळ, माझ्या रकान्यात नव्हतं.

पुढे काय, कुणीतरी विचारलं.
पुढे ती विचारील, ते म्हणाले.
खोटं सांगू नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.
पण उद्या फोन कधी कराल ती वेळ सांगा,
आणि त्या वेळेला करा.
बातमी नसली तरी करा.

मूल्यमापनाच्या खाली मी सगळं खोडलं.
लिहिलं : सांगितलेल्या वेळेला फोन केला?
होय. नाही.
बस, एवढंच.

अभिप्राय गोळा झाले.
गुंडावारचा : श्वासाचं काहीच घेतलं नाही. पुढच्या शुक्रवारी येतो.

निघताना दारात, सवयीने की आजच्या शिकवणीने,
मी चपला मोजल्या.
जोड तेरा.
खोलीत आम्ही बारा.

मृदुला जिन्यात होती, अनवाणी,
भिंतीकडे तोंड करून
ते दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणून बघत,
"ति"वर अडखळत.
खाली कोल्ड स्टोअरवाला पाण्याचे खोके उतरवत होता.
मी एक पायरी सोडून बसले.
काही विचारलं नाही.